बुधलीतलं तेल

माकणी,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप दैवशालाआत्यांना शिवकन्याचा नमस्कार.

इकडं सगळे बरे आहेत. सोयाबीनची रास झाली, आईचे गुडघे दुखतात तसे दुखतातच, आणि तुमच्या लाडक्या म्हशीला रेडी झाली. ढोकीला तुम्हीही बऱ्या असाल.

दसऱ्याला तुम्ही फोनवर आईला विचारलंत, "शिवी बोलंना का गं माज्याशी?" मी शेजारीच बसले होते. फोन घेतला असता तर तुम्ही रडला असतात आणि मग मीच तुमची समजूत घालत बसले असते. म्हणून पत्र.

एक बातमी राहिली. मी गॅस पेटवायला शिकले, पंचविसाव्या वर्षी. शाळेत विज्ञान शिकवणारी मी, प्रयोगाला काडी ओढायची म्हटली की शिपायाला हाक मारायचे, ते आता बंद झालं. हसायला हरकत नाही, मीही हसले.

भीती कधीपासून होती ते तुम्हाला माहीत आहे. मी बारा वर्षांची होते. अष्टमीच्या आरतीला देवीची दिवटी पहिल्यांदाच माझ्या हातात दिली होती, आणि जळत्या दिवटीवर बुधलीतून तेल तुम्ही घालत होतात. मी म्हणाले, "आत्या, रॉकेलचा वास येतोय." तुम्ही म्हणालात, "गप, आरती चाललीय." आणि परत ओतलंत. जाळ कोपरापर्यंत आला.

घागर माझ्यावर तुम्हीच ओतलीत, ते विसरले नाही. पण मग भरल्या घरात तुम्ही म्हणालात, "पोरगी विटाळशी असंल, बोलली न्हाय. देवी खपवून घील व्हय?"

मला पाळी त्यानंतर वर्षानं आली, आत्या. पण सगळे माझ्याकडं असे बघत होते की मला वाटलं, माझ्याच अंगानं मला न सांगता काहीतरी केलं. वासही मग मला भास वाटायला लागला. देवघरात जायची हिंमत पुन्हा झाली नाही. आईनं माझ्या पापासाठी मंगळवार धरले. कडकडीत, पाण्यावर. अजून चालू आहेत.

तुम्ही महिनाभर राहिलात. माझा हात बांधलेला, म्हणून घास घास करून भरवलंत. साऱ्या घरात मी फक्त तुम्हालाच सांगितलं, "मी न्हाय ओ काही केलं." तुम्ही माझं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "आसू दी, देवी माफ करती." भाजलं त्यापेक्षा हे जास्त लागतं. तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं.

यंदा श्रावणात आपल्याकडं भांडी घासणाऱ्या बानूबाईनं मला देवघराबाहेरूनच हात जोडताना पाहिलं आणि तिला राहवलं नाही. "किती दिस तोंड शिवून बसू? बुधलीत रॉकेल व्हतं. म्या दुसऱ्या दिशी राखंनं चार डाव घासली. आत्याबाईनं शपथ घातली व्हती."

फळीवर तेलाची आणि रॉकेलची बाटली शेजारी शेजारी, बुधली भरताना घाईत एकीऐवजी दुसरी तुमच्या हाताला लागली. एवढंच. कुणाच्याही हातून झालं असतं. तेव्हाच बोलला असतात तर माझ्याकडं हातावरचा एक डाग राहिला असता, बाकी काही नाही.

तीन दिवस मी रडले. तुमचा इतका राग आला की आगीची भीती त्याच्यापुढं लहान वाटली. मग रोज सकाळी एक काडी ओढायची ठरवलं. पहिल्या कित्येक तशाच फेकल्या. पण दर वेळी मनाला एकच सांगत होते, माझ्या नाकाला वास आला होता आणि तो खरा होता. एका सकाळी काडी बोटांपर्यंत जळली, मग मी फुंकली.

परवाच्या अष्टमीला बुधली मीच भरली. दोनदा वास घेतला. आई म्हणत होती, "नगं गं बाई." दिवटी उचलली तेव्हा थोडं तेल जमिनीवर ठिबकलं, पण जाळ जागच्या जागी राहिला. बानूबाई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तुम्हाला वाचवायचं म्हणून नाही. ते तुम्हीच सांगायचं आहे.

बावीस तारखेला मंगळवार आहे. आई उपाशी असेल. तुम्ही या. स्वयंपाक मी करीन, गॅस मीच पेटवीन. आधी तिला सांगा, मग पहिला घास तुमच्या हातानं भरवा. भरवायला तुम्हाला छान जमतं.

तुमच्या हातानं जेवलेली,
शिवकन्या