अनवाणी नवस

सौंसर

चि. सौ. उर्मिलास,

रघुनाथमामाचा वाकून नमस्कार. (आपल्याकडे मामाच भाचीच्या पाया पडतो. पोटामुळे प्रत्यक्ष वाकणं जमत नाही, म्हणून पत्रातच उरकतो.) नागपुरात जावईबापू आणि तुझी दवाखान्यातली ड्यूटी, दोन्ही ठीक असतील. आम्ही इथे सुखरूप आहोत, आणि ते तुझ्यामुळे, हे आधीच लिहून टाकतो.

दिवाळीत तू नर्सबाईच्या आवाजात बजावलंस की मामा, शुगर असलेल्या माणसानं अनवाणी चालू नये, रोज तळपाय बघावेत. आणि हातात आरसा दिलास. मी हसलो. सदतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला पोरीनं पाय बघायला शिकवावं? माझा उपाय मी आधीच केला होता. शुगर उतरली तर जामसांवलीच्या हनुमानाला अनवाणी येईन, असा नवस बोललो होतो. ती उतरली. (गोळ्या वेळेवर घेतल्या, भात कमी केला, पण श्रेय देवाला.) मग शनिवारी चप्पल घरी ठेवून निघालो. शुगर उतरल्याच्या आनंदात पाय घालवायला निघालेला असा शहाणा अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल. वाटेत काही टोचलं नाही, दुखलं नाही, म्हणून ऐटीत परतलो. तुझी मामी दारातच म्हणाली, "अवो, फरशीवर रक्ताचे ठसे उमटून राहिले, तुम्हाले समजत नाही काय?" खरंच समजत नव्हतं. बाभळीचा काटा अर्धा आत होता आणि शुगरनं बधिर झालेल्या पायाला पत्ताच नव्हता. उर्मिला, तेव्हा मी फार घाबरलो. मामीला मात्र तुझे शब्द पाठ होते. तिनं मला तसंच डॉक्टरकडे नेलं. आठवडाभर तसंच राहिलं असतं तर पायावर बेतलं असतं, असं ते म्हणाले. आता जखम भरली आहे. पोरी, तुझे उपकार मी विसरणार नाही.

तुझा
रघुनाथमामा

ता. क. रोज आरशात तळपाय बघतो असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? त्या आरशात मी दाढी करतो. माझे पाय तुझी मामी चंद्रकलाच मांडीवर घेऊन, चष्मा लावून बघते.

आणखी एक. खरं पत्र इथून पुढे आहे. महिनाभरापासून तिच्याच पायांना मुंग्या येतात. हे मला शेजारच्या सुधाताईंकडून कळलं. तपासायचं नाव काढलं की म्हणते, "आधी तुमचं तर निपटू द्या." माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. रविवारी ये आणि तिला घेऊन जा. चाळीस वर्षांत तिच्या पायांकडे कोणी पाहिलं नाही, त्यात मीही आलो.