मास्कमागचे ओठ

सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

गर्भाची पिशवी काढायचीच! गुरुवारी सकाळी. कापाकापीला मी भीत नाही. पण आज दवाखान्यात मला तपासायला भुलेच्या डॉक्टरीणबाई आल्या. चैताली नाव, नागपूरकडची, आमच्या नम्रताहून लहानच असेल. सगळं कागदावर लिहून दिलं. दम्यामुळे पूर्ण भूल नको. कमरेत सुई, खालचं अंग बधिर, तुम्ही जाग्या.

जागी! आणि तिथं सगळे मास्क लावणार. चौदा वर्षांपूर्वीच्या तापात कान गेले, तेव्हापासून मी माणसांचे ओठ बघून जगते. ओठच झाकले तर काय चाललंय ते मला कोण सांगणार?

बाई पेशंटच्या मनाचा अभ्यास करतात म्हणे. पाच चेहऱ्यांचा कागद पुढे धरला, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आत्ता कसं वाटतंय, बोट ठेवा. मी रडक्यावर ठेवलं.

जाताना दाराशी ह्यांच्याशी बरंच बोलल्या. हे मान हलवत होते. काय म्हणाल्या विचारलं, तर — "काही नाही."

मंगळवार, १०

ह्या "काही नाही"चा वीट आलाय मला! नम्रताच्या लग्नात पंगत हसली, मागून हेही हसले. "काय झालं हो?" — "काही नाही." पूर्वी असे नव्हते. कारखान्यातल्या प्रेसशॉपमधून दिवसभर पत्रे ठोकून दमून यायचे, तरी समोर बसून दिवसभराचं सगळं सांगायचे, ओठ सावकाश हलवत. आता कंटाळा आला असेल माझा. बत्तीस वर्षं झाली, येणारच!

नम्रता ऑफिसातून थेट आली ती चिडूनच. "बाबा फोन का उचलत नाहीत?" म्हणजे लेकीचाही कंटाळा. छान.

बुधवार, ११

दाखल झाले. भीती वाटते, बास.

शनिवार, १४

आज बसता येतंय.

गुरुवारी सुई टोचली आणि थोड्या वेळात पाय माझे राहिलेच नाहीत. समोर हिरवा पडदा. भोवती नुसते डोळे! छाती अशी धडधडायला लागली... तेवढ्यात चैताली डोक्याशी येऊन बसली. हातमोज्यांची कागदी पाकिटं फाडून आणली होती. जाड स्केचपेनने लिहून माझ्या डोळ्यांपुढे धरलं — "मी इथेच आहे. जाणार नाही."

मग एकेक कागद. "आता ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही." "निम्मं झालं." मध्येच सगळ्यांचे डोळे बारीक झाले. हसत होते! माझ्यावरच असणार. विचारलं, "काय झालं?" मनात म्हटलं, आलं आता "काही नाही". पण पोरीनं लिहिलं — "सर घाईत बायकोची चप्पल घालून आलेत." अगं आई गं, अशी हसले मी! लगेच पुढचा कागद — "हसू नका, पोट हलतंय!"

नंतर तिनं पुन्हा चेहरे दाखवले. हसऱ्याच्या अलीकडच्यावर बोट ठेवलं. पोट कापल्यावर पूर्ण हसरा कुठून देऊ? पण खोलीत आणल्यावर खूप रडले. किती वर्षांनी कुणी मला लोक कशाला हसले ते सांगितलं होतं.

सोमवार, १६

बिबवेवाडीला, घरी आलो. ते कागद मागून आणलेत. नऊ आहेत. हे एकेक वाचत बसले होते. माझा तोल गेला. जवळ जाऊन म्हटलं, "परकी पोर माझ्यासाठी नऊ कागद लिहिते, आणि तुम्हाला दोन शब्द जड होतात?"

हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवलेही नाहीत.

मंगळवार, १७

सकाळी उशाशी दहावा कागद. अक्षर ह्यांचं.

"मैना, मलाही ऐकू येत नाही. प्रेसच्या ठोक्यांनी कान खाल्ले. कुणी अगदी जवळ येऊन बोललं तर थोडं कळतं. चार माणसांत काहीच नाही. लोक हसले की मी हसतो. घरात एकाचे तरी कान शाबूत आहेत, एवढा तुला आधार वाटावा म्हणून बोललो नाही. भुलेच्या बाई दाराशी काय म्हणाल्या, मला खरंच माहीत नाही."

चहा झाला की ह्यांना समोर बसवते. ओठ वाचायला शिकवायचंय.