होडीसाठी रोज दोन बादल्या पाणी मिळणेबाबत

प्रति,
मा. टंचाई अधिकारी,
टँकर वाटप कक्ष.

विषय : लाकडी होडी तडकू नये म्हणून टँकरमधून रोज दोन बादल्या पाणी मिळणेबाबत.
संदर्भ : ‘जनावर आढळून आले नाही’ हे आपले पत्र.

महोदय,

मी नागेश भोई, नरसिंहपूरच्या संगमावर होडी चालवतो. सध्या नदीत पाणी नाही, म्हणून चालवत नाही. होडी काठावर उभी आहे.

१. लाकडी होडी वाळली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. एकदा तळ फाटला की नदी भरून आली तरी उपयोग नसतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही तिच्यात ओली पोती अंथरतो. याला होडीला पाणी पाजणे म्हणतात.

२. टँकरच्या अर्जात माणसे आणि जनावरे एवढेच रकाने होते. शेजारचे खाजाभाई म्हणाले, “पानी पिती न्हवं? मग लिव्हा जनावरात.” मी लिहिले. पाणी मिळू लागले. पुढे आपले तपासनीस आले व त्यांनी कानातला बिल्ला दाखवा म्हणून सांगितले. मी होडी दाखवली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि पाणी बंद केले. त्यांची चूक नाही. होडीला कान नसतात.

३. आता तळातून उजेड दिसतो. आमचेही तसेच आहे. टाचांच्या भेगांत बोट जाते. माझी पत्नी कौसल्या फाल्गुनात वारली, तेव्हा मला रडू आले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे कोरडे पडलेत. त्यांनी थेंब दिले. ते मी घालतो. काही वाटत नाही.

४. तिने एकच मागितले होते, की संगमात आपल्याच होडीनं न्या, भाड्याच्या नको. अस्थी दारातल्या लिंबाला बांधून ठेवल्या आहेत. मुलगी स्वरूपा म्हणते, “आबा, पानी असंल तितं जीपनं नेऊ.” मी नाही म्हणालो. अस्थींना पाणी लागत नाही, त्या पावसाळ्यापर्यंत थांबतील. फळ्या थांबणार नाहीत.

५. तरी होडी जनावरांत बसत नसल्यास एक विनंती आहे. माणसांच्या रकान्यात कौसल्येचे नाव अजून आहे. ते कमी करण्यासाठी मृत्यूदाखला मीच जोडत आहे. नाव कमी करावे, पण तिच्या वाट्याचे पाणी बंद न करता होडीला द्यावे. तिची हरकत असणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
नागेश भोई
नरसिंहपूर, ता. इंदापूर
दि. ६ मे २०२४

सोबत : मृत्यूदाखल्याची प्रत, होडीचा फोटो.