दुसऱ्यांदा अंतरपाट

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग ताजा आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही गोड निघेल अशी आशा नको. मी आयर्लंडमध्ये असते, पोर्टलीशजवळ. शनिवार-रविवारी इथल्या एका जुन्या पडक्या मठात पर्यटकांना फिरवते. मठात दगडाचं एक जोडपं आहे, आपल्याच थडग्यावर शेजारी शेजारी झोपलेलं. तो सरदार, अंगावर चिलखत. ती त्याची बायको, नाक झिजलेलं. गोष्ट अशी, की तो फ्रान्सच्या लढाईवर गेला आणि वर्षानुवर्षं परतलाच नाही. मेला असं धरून तिने त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थनाही करवून घेतल्या. मग एके दिवशी स्वारी दारात हजर. बिशप म्हणाला, चर्चच्या दाराशी उभे राहून पुन्हा शपथा घ्या. त्यांनी घेतल्या, आणि प्रेमाला नव्याने पालवी फुटली. इथे मी थांबते, लोक 'आह' करतात, एखादी डोळे पुसते. मला मात्र दर वेळी त्या चिलखतवाल्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

कारण ही गोष्ट मी पाहिली आहे. बाबा सरहद्दीवर बेपत्ता झाल्याची तार आली तेव्हा मी दुसरीत होते. बरीच वाट पाहून काकांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, तेरावं घातलं, तुझं कुंकू पुसलं. आणि तू बंद पडलेली पिठाची गिरणी चालवायला घेतलीस. ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची, पण हे बोलायचीही चोरी होती. संध्याकाळी तू घरी यायचीस ती भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, आणि मी तुला म्हातारी म्हणून चिडवायची. एकाच वाकळेत झोपायचो आपण. तुझ्या केसांना ज्वारीचा वास यायचा.

आणि मग ते आले. मिशा वाढवलेले, अंगात बरा स्वेटर. कुठल्या कैदेतून नाही. इस्पितळातून आपल्या पायांनी निघून ते पंजाबात ट्रक चालवत होते, आणि तिथे एक बाई होती, हे दिवाळीपर्यंत अख्ख्या आळीला कळलं. पण त्या दिवशी अडचण वेगळीच होती. भटजी म्हणाले, "अग्नी दिलेला माणूस असा घरात घेता येत नाही. आधी पुन्हा जन्माला घाला, मग पुन्हा लग्न लावा." झालं. त्या मिशावाल्याला परातीत बसवून तूप चोळलं, न्हाऊ घातलं, आणि आत्याने कानात 'कुर्रर्र' करून त्याचं तेच जुनं नाव ठेवलं. मला हसू फुटलं तर काकूने चिमटा काढला. दुसऱ्या दिवशी लग्न, आणि करवली मी. तुझ्या मागे कऱ्हा धरून उभी आहे. अंतरपाटापलीकडे ते. मंगलाष्टकं चालली आहेत आणि मला खात्री आहे, की तू आता रडशील, नाहीतर हार फेकून सरळ गिरणीवर निघून जाशील. मान वाकडी करून पाहते, तर तू हसते आहेस. खाली बघत, ओठ दाबून, नव्या नवरीसारखी.

संध्याकाळी भांडी घासताना मी विचारलं, "आई, तू हसत का होतीस?" तू वर न बघता म्हणालीस, "मी कुठं हसले? काय बाय बोलतीस." पुन्हा विचारलं, तर राखेच्या हाताने थोबाडीत दिलीस. पुढे गिरणीच्या दारातल्या खुर्चीवर ते बसू लागले आणि तू आत झाडलोट करू लागलीस. घरात खोली एकच, म्हणून शाळा उघडायच्या आत मला मामाकडे धाडलंस. एसटीत बसवताना तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्यास. मी त्या खाल्ल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात मठात एक म्हातारी आली होती. गोष्ट संपल्यावर बाकीचे हळहळले, ती मात्र म्हणाली, "युअर मॅन टुक हिज टाइम. अँड डिड एनीवन आस्क हरसेल्फ?" गडी सावकाश उगवला म्हणायचा, पण त्या बाईला कुणी विचारलं का? मी म्हटलं, तसं कुठे लिहिलेलं नाही. तुलाही कुणी विचारलं नव्हतं, आई. पण माझा राग त्याचा नाही. विचारलं असतं तरी तू हो म्हणाली असतीस, त्याचा आहे.

आता माझं ऐक. माझा नवरा ॲथलोनला नोकरीला होता. तीन वर्षांपूर्वी सहा महिन्यांच्या कामासाठी कॅनडाला गेला आणि तिथलाच झाला. तिथेही एक बाई होती. यांना दुसरं काही सुचत नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत मी 'प्रोजेक्ट लांबलंय' सांगत राहिले, आणि सगळ्याजणी 'हो का' म्हणत मोदक वाढत राहिल्या. मग मी ही नोकरी धरली, गाडी शिकले, बॉयलर बंद पडला की त्याला कुठे लाथ घालायची तेही शिकले. माझी ही गिरणीच म्हण. त्याचा पुतळा मी मनात केव्हाच जाळला होता.

आज दुपारी त्याचा फोन आला. इथेच आलाय, राजधानीत, बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात उतरलाय. "रविवारी येऊ का? फक्त चहाला." त्याला काय काय ऐकवायचं ते सगळं मला तोंडपाठ होतं, भांडी घासताना, गाडी चालवताना घोकलेलं. आणि मी म्हटलं काय, तर "बघू. तीननंतर ये, आधी टूर असते."

फोन ठेवला, तर तुझी नात कपाटातून बिस्किटं काढता काढता माझ्याकडे टक लावून बघत होती. "मॅम, व्हाय आर यू स्मायलिंग?" तिला मराठी सगळं कळतं, फक्त बोलत नाही. बापाने काय केलं तेही सगळं कळतं. मी पाठ फिरवली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागले.

"मी कुठं हसले? काय बाय बोलतीस."

असली मराठी माझ्या तोंडून तिने कधी ऐकली नव्हती. ती बिस्किटं घेऊन वर निघून गेली. माझ्या घरात खोल्या तीन आहेत; तिला कुणाकडे धाडावं लागणार नाही, एवढं तरी आहे. हे पत्र काही तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. हसले होते मी, आई.