पुढच्या सीटवरची टोपी

कलकत्ता, रविवार, १६ ऑगस्ट १९५३

नवी फ्रेंच गाडी येऊन महिना झाला, तरी ह्यांची सवय जुन्याच गाडीची आहे. रोज मला ऐकवतात, "जुनी मागच्या चाकांनी ढकलायची, ही पुढच्या चाकांनी ओढते. वळणावर स्टिअरिंग किती जड लागतं!" एवढं कळतं, आणि तरीही आज...

बजबजहून ह्यांच्या मित्राकडून परतताना नदीकाठच्या चढावर चिखलात रुतलो. लगेच जुना हुकूम सुटला, "सगळे मागेच बसा, वजन पाहिजे!" मी आणि सासूबाई मागेच होतो. नेहमीच असतो. ह्यांच्या शेजारी ह्यांची टोपी बसते.

पुढची चाकं नुसती गरगरत होती. शेवटी मी म्हटलं, "अहो, ओढणारी चाकं पुढे ना? मग वजन मागे कशाला?"

ह्यांनी पुन्हा एकदा पेडल दाबून पाहिलं. सासूबाईच म्हणाल्या, "जा गं तू पुढे. माझ्या गुडघ्यांना नाही जमायचं."

टोपी मांडीवर घेऊन पुढे बसले आणि गाडी हळूहळू वर चढली. नंतर मला मागे जा असं कोणी म्हणालं नाही. समोरून रस्ता किती मोठा दिसतो! वळणावर स्टिअरिंगशी झटणारे ह्यांचे हात दिसले. इतकी वर्षं मी गाडीत फक्त ह्यांची मान पाहत आले. माझं पुढे बसणं चिखलापुरतंच होतं का?

घरी आल्यावर टोपी मीच खुंटीला लावली. पुढच्या रविवारी रस्ता कोरडा असला, तर निघताना ती ह्यांच्या हातात द्यायला मी विसरणार आहे.