हसरा खोकला

तीर्थरूप आत्यास,

चष्मा सावरून आणि दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात, की अजून पहिल्याच पायरीवर असहकार पुकारतात? गरम पाण्याचा शेक चालू ठेवला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही तिघेही कुशल आहोत. (हे वाक्य पत्राच्या आरंभी लिहावयाचे असते म्हणून लिहिले. त्याचा खरेखोटेपणा पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवावा.) फोन करता आला असता, परंतु आमच्या घरी फोनवर बोललेले दोन्ही खोल्यांत ऐकू जाते, आणि पलीकडून कोणी ‘हॅलो’ म्हटले की मला पुढचे काही सुचत नाही. म्हणून हे पत्र चालककाकांच्या हाती देत आहे. आमच्या गल्लीत राहणारे आणि कारखान्याची गाडी घेऊन दर आठवड्याला तुमच्या गावी बिस्किटे पोचवणारे ते हेच.

प्रथम आनंदाची वार्ता. मला नोकरी लागली. (तात्पुरती आहे, पण हल्ली कायमचे काय असते, असे आई म्हणते.) परीक्षेत पहिली आले तेव्हा माझे सत्कार झाले, फुले मिळाली, भाषणे झाली, आणि त्यानंतर वर्षभर कोणी ढुंकूनही पाहिले नाही. अखेरीस आरोग्य केंद्राला घरोघरी जाऊन खोकल्याची पाहणी करणाऱ्या मुली हव्या होत्या, आणि अनोळखी माणसासमोर जिच्या तोंडून शब्द फुटत नाही अशा मुलीची त्यांनी नेमकी निवड केली. केंद्रातल्या सिस्टरबाईंनी आम्हाला काम समजावून दिले. दार वाजवायचे, प्रसन्न मुद्रा करायची आणि विचारायचे. मी प्रश्न लिहून काढला, घोटला आणि पहिल्या दारात उभी राहून, जमिनीकडे पाहत, एका दमात म्हणून टाकला : “आपल्या कुटुंबातील कोणा सदस्यास दोन सप्ताहांहून अधिक काळ कफयुक्त खोकल्याचा उपद्रव होत आहे काय?” ओल्या हातांनी दार उघडणाऱ्या बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग आत वळून ओरडल्या, “अहो, कोर्टातून कुणीतरी आलंय!” त्यासरशी त्यांचे यजमान मागच्या दाराने पसार झाले. (जाताना ते खोकत होते. परंतु नियमानुसार उत्तर तोंडी मिळावे लागते.)

आत्या, तुम्हाला ऐकून आश्चर्य वाटेल, पण आमच्या संपूर्ण गल्लीत खोकला नाही. याचे श्रेय कारखान्याच्या फलकाला द्यावे लागेल. गल्लीतले निम्मे लोक बिस्किटांच्या कारखान्यात कामाला आहेत हे तुम्ही जाणताच. तेथे मालकांनी आरोग्य केंद्राच्या सूचनेवरून, अत्यंत सद्भावनेने, फलक लावला : ‘खोकला असणाऱ्याने कामावर येऊ नये. घरी राहून विश्रांती घ्यावी.’ त्याखाली हिशेबनिसांनी बारीक अक्षरात एक ओळ वाढवली : ‘विश्रांतीच्या दिवसांचा पगार मिळणार नाही.’ ही दुसरी ओळ कोणत्याही औषधापेक्षा गुणकारी ठरली. दुसऱ्याच दिवसापासून कारखाना ठणठणीत बरा झाला. पलीकडच्या काकूंना उबळ आली की त्या मिक्सर लावतात, मग भांडे रिकामे का असेना. चालककाका हॉर्न वाजवतात. आणखी एक गृहस्थ मोठ्याने हाड् हाड् करून कुत्रे हाकलतात. गल्लीत कुत्रा नाही. घरभाडे वाढलेले, दुधाची पिशवी त्याच किमतीत लहान झालेली, अशा दिवसांत खोकणे ही चैन कोणाला परवडणार?

आता तुमच्या धाकट्या भावाकडे वळते.

बाबा किती गंभीर आहेत हे मी तुम्हाला काय सांगावे! लग्नाच्या छायाचित्रात ते असे उभे आहेत की मागे कोणीतरी त्यांच्या सामानावर जप्ती आणली असावी. अशा मनुष्याला कारखान्यात, पुठ्ठ्याचे डबे घडी घालून उभे करण्याच्या विभागात, ऐन मुकादमांसमोर उबळ आली. या मुकादमांना सगळे टाळीसाहेब म्हणतात, कारण ते दिवसभर विनोद सांगतात आणि प्रत्येक विनोदानंतर “द्या टाळी!” म्हणून हात पुढे करतात. कारखान्यात आजवर त्यांना टाळ्या मिळत आल्या. हशा कधी मिळाला नव्हता. त्या दिवशी त्यांचा विनोद नुकताच संपला होता. बाबांनी घशातून निघालेला खोकला अर्ध्या वाटेत वळवला आणि त्याचे हसू केले. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आले, शेवटी त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. टाळीसाहेबांचेही डोळे पाणावले. इतकी वर्षे ज्या रसिकाची वाट पाहिली तो पुठ्ठ्याच्या ढिगामागे सापडला, असे त्यांना वाटले असावे.

तेव्हापासून बाबांचे जेवण टाळीसाहेबांच्या टेबलावर होते. टाळीसाहेब रोज नवे विनोद आणतात. अडचण एकच की खोकला विनोद संपायची वाट पाहत नाही. बाबा कधी विनोदाच्या मध्यावर हसतात, कधी “एकदा काय झालं” एवढ्यावरच. त्यावरून टाळीसाहेबांनी असा निष्कर्ष काढला की या गृहस्थाची बुद्धी असामान्य तल्लख असून त्याला शेवट आधीच कळतो.

येथवर सारे ठीक होते. मग मालकांनी सर्वांना बोलावून सभा घेतली. धंदा मंदीत आहे, पिठाचे भाव चढले आहेत, तेव्हा यंदा पगारवाढ देणे शक्य नाही, आपण सारे एक कुटुंब आहोत, असे ते जड अंतःकरणाने म्हणाले. ‘कुटुंब’ हा शब्द उच्चारला गेला आणि बाबांना उबळ आली. बाबांनी सवयीप्रमाणे तिचे हसू केले. आत्या, सबंध सभेत दुसरा आवाज नव्हता. मालक थांबले. बाबा थांबेनात. मालकांनी पुन्हा “कुटुंब” म्हणून पाहिले. बाबा आणखी जोरात. अखेर मालकांनी कपाळ पुसले आणि पगारवाढीचा विषय आपण पुन्हा विचारात घेऊ असे जाहीर केले. संध्याकाळी सात-आठ कामगार आमच्या दारात हजर. “काका, छाती पाहिजे हो तुमच्यासारखी!” असे म्हणत त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली, तर बाबा पुन्हा हसले. आता त्यांना कामगारांचे पुढारी करण्याचे घाटत आहे. दुकानदाराकडे राहिलेले सुटे पैसे मागायचे तर जे मला पुढे ढकलतात, ते पुढारी!

आई प्रारंभी फार सुखावली होती. लग्नानंतर प्रथमच तिच्या बोलण्याला घरात दाद मिळू लागली होती. ती भाजीवाल्याशी झालेली हुज्जत सांगे आणि बाबा पोट धरून हसत. ती रंगवून रंगवून सांगू लागली. मग एके दिवशी बाबांचा पट्टा तिच्या हाती आला. त्याला बाबांनी खिळ्याने नवी भोके पाडली होती. आई पट्टा घेऊन खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, “हसून हसून माणूस एवढा वाळतो का गं?” त्या दिवसापासून तिने भाजीवाल्याची गोष्ट सांगणे बंद केले. बाबा हसतातच.

पाहणीत स्वतःचे घर गाळता येत नाही. त्यामुळे ओळखपत्र गळ्यात घालून मी आमच्याच दाराची बेल वाजवली. बाबांनी दार उघडले. मी जमिनीकडे पाहत प्रश्न म्हटला. (स्वतःच्या वडिलांना ‘आपल्या कुटुंबातील’ म्हणताना मला फारच संकोच वाटला, पण त्यांनीही “या, बसा” म्हणून मान राखला.) या घरी कोणालाही खोकला नाही, आम्ही आनंदी माणसे आहोत, असे उत्तर देऊन ते पुष्कळ वेळ हसले. आई त्यांची पाठ चोळत होती. तपासणी फुकट असते, औषधही फुकट मिळते, सगळे बरे होते, हे सिस्टरबाईंनी पढवलेले मी म्हणून दाखवले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “औषध फुकट आहे गं बाळा. घरी बसणं फुकट नाही.” मी ‘पुन्हा भेट द्यावी’ असा शेरा मारला आणि चपला काढून आत जेवायला गेले.

असो. बाकी सर्व क्षेम. तुमच्या शेजारणीला मी विचारले म्हणून सांगावे. लहानांस आशीर्वाद देण्याइतकी मी मोठी नाही, आणि मोठ्यांस उपदेश करण्याचे धैर्य नाही. म्हणून येथेच थांबते.

तुमची आज्ञाधारक,
भाची

ता. क. धैर्य गोळा करून लिहिते. बाबा जगात फक्त तुम्हाला घाबरतात. तेव्हा तुम्ही खोकत इकडे याल का? “मला एकटीला भीती वाटते, तू बरोबर चल,” असे म्हटले की ते तुम्हाला केंद्रात घेऊन येतील, आणि सोबत आलेल्याचीही तपासणी करण्याचा नियम आहे असे सिस्टरबाई ठणकावून सांगतील. (असा नियम नाही. परंतु त्यांनी आवाज लावून पाहिला, नियमासारखाच वाटतो.) खोकला छातीतून यावा, घशातून नको. थोडा सराव करावा.

ता. क. २. हे पत्र आईने वाचले. तिने मागच्या आठवड्यातच चालककाकांच्या तोंडी तुम्हाला असा निरोप धाडला होता म्हणे, की गुडघे फार दुखतात असे सांगून भावाला दवाखान्यात सोबत न्यावे. तेव्हा खोकावे की लंगडावे हे कृपया एकदा ठरवून घ्यावे. दोन्ही एकदम केल्यास बाबांना संशय येईल. आईचे म्हणणे गुडघे बरे, त्यात अभिनय नको. माझे म्हणणे, गुडघ्यासाठी कोणी छाती तपासत नाही.

ता. क. ३. वरील दोन्ही ता. क. रद्द समजावेत. आताच बाबा फळांची पिशवी घेऊन घरी आले. ती टाळीसाहेबांनी तुमच्यासाठी दिली आहे. थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे, भेटायला जायला हवे, असे सांगून बाबांनी पुढच्या मंगळवारची रजा मागितली होती, आणि आपल्या एकमेव श्रोत्यासाठी टाळीसाहेबांनी हिशेबनिसांशी भांडून ती भरपगारी मिळवली. चपला काढता काढता, माझ्याकडे पाठ करून, बाबांनी विचारले, “त्या तुमच्या केंद्रात उपाशीपोटी यावं लागतं का गं? नाही, कुणीतरी विचारत होतं.” मी म्हटले, नाही, खाऊन आले तरी चालते. आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला. कोणी काहीही बोललेले नाही, आणि मंगळवारपर्यंत बोलणार नाही.

तेव्हा आत्या, तुम्ही येऊ नये. फक्त मंगळवार उलटेपर्यंत कृपया बरे असू नये. टाळीसाहेबांनी तुमचा नंबर घेतला आहे. ते विचारपूस करायला फोन करतील, आणि तुम्हाला उभारी यावी म्हणून एक विनोदही सांगणार आहेत. काहीही झाले तरी त्याला हसू नका. आजारी माणूस हसत नाही, अशी त्यांची ठाम समजूत आहे.