कोझ्ल्याकच्या उतारावर त्सोन्का

दोब्रिच,
सप्टेंबरचा शेवटचा सोमवार

तीर्थरूप झाहारीमामा,

लांबूनच तुमच्या हाताला ओठ टेकवतो. गुडघा कसा आहे? मामीची द्राक्षं उतरली का? इथे आम्ही धडधाकट आहोत, म्हणजे शरीराने. मनाचं म्हणाल तर ते गुरुवारपासून ठिकाणावर नाही. तुम्ही आधी खाली बसा, मग पुढचं वाचा.

तुम्हाला माहीतच आहे, सूर्यफुलाचा हंगाम आला की बिया वार्नाच्या बंदरावर पोचवायचं काम आमच्याकडे असतं. मालक ट्रक असा भरतो की ताडपत्रीला गाठ मारायला दोन माणसं वर नाचवावी लागतात. हमरस्त्यावर वजनकाटा. म्हणून आम्ही आठ ड्रायव्हर संध्याकाळीच फोनवर ठरवतो, उद्या काटा कुठे मांडणार, तपासणीची पिवळी गाडी कुठे दबा धरणार, कुणी चेरीच्या बागेतून घुसायचं, कुणी दफनभूमीमागून. (तिथून जाताना मी टोपी काढतो. तेवढी श्रद्धा आहे.) ही विद्या तुम्ही मला दिलीत आणि मी तिला कधी बट्टा लागू दिला नाही.

या महिन्यात मात्र आक्रीत घडायला लागलं. चेरीच्या बागेत पथक. दफनभूमीमागे पथक. वीटभट्टीच्या चिखलात, जिथे बकरीसुद्धा जात नाही, तिथेही पथक! एकामागोमाग सहा जण धरले गेले. आमच्यात कुणी खबऱ्या आहे हे उघड होतं. आतड्यांचं सूप मिळतं त्या खानावळीत बैठक बसली. न सापडलेले दोघेच, मिन्चो आणि मी. सगळे मिन्चोवर घसरले. (त्याचा ट्रक पंधरा दिवस गॅरेजात होता, पण रागाच्या भरात हे कुणाला सुचणार?) सगळ्यांत मोठा आवाज माझा. टेबलावर अशी मूठ आपटली की तीन वाट्या सूप सांडलं. मिन्चो डोळे पुसत निघून गेला. मी त्याच्या वाटणीचा पाव खाल्ला.

मग ठरवलं, आता कुणालाच काही सांगायचं नाही. तुमचा जुना गिरणीचा रस्ता धरायचा, जो कोझ्ल्याकच्या उतारावरून जातो. (हो, तोच. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या दोब्रीचा ट्रक भरल्या मालासकट तिथूनच ओढ्यात गेला.) सांगितलं फक्त त्सोन्काला. बायकोला सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं का? आणि ती किती मायेने विचारते! रोज सकाळी कॉफी ओतताना, "आज कोण कुठून जाणार?" तीस वर्षांत माझ्या कामात कुणी इतका रस घेतला नव्हता. मी फुशारून सगळ्यांचेच रस्ते टेबलावर बोटाने काढून दाखवायचो.

गुरुवारी माल भरून दुपारी उताराच्या तोंडाशी पोचलो. समोर पिवळी गाडी, जमिनीवर वजनकाट्याचे पत्रे, आणि चमकतं जाकीट घातलेली एक बाई हात वर करून उभी. मनातल्या मनात शिव्या मोजत मी काच खाली केली, आणि मामा, देवाशपथ सांगतो, ती त्सोन्का होती!

"इंजिन बंद करा. कागद दाखवा," म्हणाली.

करा! दाखवा! तीस वर्षांत पहिल्यांदा मला अहोजाहो!

"अगं, तू तर कचेरीत काम करतेस ना?"

"ही कचेरीचीच गाडी आहे. मे महिन्यात पथकात आले तेव्हाच सांगितलं होतं. तू फोनवर मिन्चोला आडवाट समजावत होतास." मग मागे वळून, "साहेब, हा माझा नवरा. मी बाजूला सरते. तुम्ही नीट बघा. जरा जास्तच नीट बघा."

साहेबांनी पाहिलं. वजन सात टन जास्त. एवढ्याने मी हललो नसतो. पण ते ट्रकखाली शिरले आणि मलाही बोलावलं. मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम तडकलेला, फटीत माझं नख सहज गेलं. तिथून खालचं वळण दिसत होतं, आणि वळणावर दोब्रीच्या नावाचा लाकडी क्रूस. मी तसाच चाकाला टेकून बसलो.

त्सोन्का शेजारी येऊन बसली. "सगळ्यांच्या वाटा सांगितल्या साहेबांना," ती म्हणाली. "तुझी सांगायला महिनाभर जीभ उचलेना. पण आज तू कोझ्ल्याक म्हणालास. दोब्री गेल्यावर त्याच्या बायकोला, गिनाला, चाळीस दिवस मी जेवण नेऊन दिलं, ग्रोझ्दान. मला कोण आणून देणार?"

मी चांगला कडाडणार होतो. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आज डब्यात काय आहे?" (ती हसली नाही. पण चीज भरलेल्या बानित्साचा मोठा तुकडा मला दिला.)

बिया दुसऱ्या ट्रकांत गेल्या, माझा ट्रक ओढून नेला, परवाना तीन महिने जप्त. मालकाने फोनवरच कामावरून काढलं. संध्याकाळी मिन्चोकडे माफी मागायला गेलो. "मग खबऱ्या कोण?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "मीच निघालो रे." त्याने दार लावलं, पुन्हा उघडून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि परत लावलं, जोरात.

असं आहे सगळं. मामीला हळूहळू सांगा.

तुमचा भाचा,
ग्रोझ्दान

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. पथकाला एक माणूस हवाय. मुख्य अट, जिल्ह्यातल्या सगळ्या आडवाटा पाठ हव्यात. अर्जासोबत एखाद्या प्रतिष्ठित, वयोवृद्ध गृहस्थाचं पत्र लागतं, की उमेदवार लहानपणापासून कायद्याने वागत आलाय. तुम्ही आता चर्चच्या समितीवर आहात. शुक्रवारच्या आत पाठवा. मला ट्रक चालवायला कुणी शिकवलं, हा मुद्दा टाळलात तर बरं.

आणखी एक : त्सोन्काच्याच गाडीत जागा मिळेल का, असं साहेबांना विचारून पाहिलं. नवरा-बायको एका गाडीत चालत नाहीत म्हणे, नियम आहे. तरी अर्ज करतोय. जेवणाची सुट्टी दोन्ही गाड्यांना एकाच वेळी असते.